गाडी का थरथरते? आधी निदान, मग खर्च

चारचाकी गाडी आता श्रीमंतांच्या दारातच उभी असते असे राहिलेले नाही. आपल्या वस्तीत पाहिले तरी एखाद्या घरात अब्बांच्या निवृत्तीच्या पैशातून घेतलेली छोटी गाडी दिसते, कुठे आखातात नोकरी करणाऱ्या मुलाने घरच्यांसाठी पाठवलेल्या पैशांतून आलेली, तर कुठे दोघा भावांनी मिळून घेतलेली सेकंडहँड. तिच्यावरच दवाखाना, शाळा, लग्नकार्य, ईदला गावी जाणे चालते. म्हणून ती बिघडली की सगळ्या घराचे वेळापत्रक बिघडते आणि महिन्याचा हिशेबही कोलमडतो.

गाडीच्या तक्रारींत सगळ्यांत जास्त घोळ होतो तो थरथरण्याच्या तक्रारीत. "गाडी व्हायब्रेट होते" एवढेच सांगून आपण गाडी गॅरेजमध्ये सोडून येतो. पण या एका वाक्यामागे डझनभर कारणे असू शकतात. काही कारणे शे-दोनशे रुपयांची, काही काही हजारांची आणि एखादेच इंजिन उघडायला लावणारे. निदान चुकले तर स्वस्तातल्या दुखण्यावर महागडे ऑपरेशन होते. उलट, खरे दुखणे दुर्लक्षित राहिले तर ऐन घाटात, पावसात, लेकराबाळांसह रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागते. म्हणून ही थरथर नेमकी येते कुठून, ती ओळखायची कशी आणि तिच्यावर इलाज काय, हे आपण या लेखात क्रमाने पाहू.

थोडी थरथर स्वाभाविकच

इंजिनात सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन यांचे मिश्रण जळते, त्याच्या धक्क्याने पिस्टन खाली जातो आणि मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, फिरतो. आपल्या गाड्यांची इंजिने चार-स्ट्रोक असतात. त्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे मारत असेल, तर चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला १६०० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. तीन सिलिंडरच्या इंजिनात हेच प्रमाण सेकंदाला २० वर येते.

स्फोट विरळ असले की त्यांच्यातील अंतर शरीराला जास्त जाणवते. शिवाय तीन सिलिंडरच्या इंजिनाला पुढून-मागून डोलण्याची जन्मजात सवय असते. मारुती ८००, अल्टो, क्विड, टियागो या तीन सिलिंडरच्या गाड्या. २०२४ साली आलेल्या नव्या स्विफ्टमध्येही चारच्या जागी तीन सिलिंडरचे इंजिन आले. तेव्हा चार सिलिंडरच्या गाडीतून उतरून तीन सिलिंडरच्या गाडीत बसणाऱ्याला "हिच्यात काहीतरी बिघाड आहे" असे वाटते. तसे असेलच असे नाही. डिझेल गाडीचेही तेच. तिच्यात दाब जास्त, म्हणून धक्काही जास्त.

मग काळजी कधी करायची? थरथर पूर्वी नव्हती आणि आता आली, किंवा पूर्वीपेक्षा वाढली, तेव्हा. बदल हीच खरी खूण आहे.

गॅरेजला जाण्याआधीचे चार प्रश्न

डॉक्टरकडे गेल्यावर ते आधी विचारतात, कधीपासून दुखते, काय खाल्ल्यावर दुखते, रात्री की दिवसा? गाडीचेही तसेच आहे. चार प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळ असतील तर निम्मे निदान घरीच होते.

पहिला प्रश्न : गाडी उभी असताना थरथरते की फक्त चालताना? उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून हलकी रेस देऊन पाहावे. त्यातही थरथर येत असेल तर दोष इंजिनाच्या बाजूला. उभ्या गाडीत सगळे शांत, पण ताशी ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग हलते, तर संशय चाकांवर घ्यावा.

दुसरा : थंड इंजिन असताना जास्त की तापल्यावर? सकाळी पहिली पाच मिनिटे थरथरून नंतर गाडी सुरळीत होत असेल तर प्लग, सेन्सर, इंधन यांकडे लक्ष जाते. गरम झाल्यावरच थरथर सुरू होत असेल तर इग्निशन कॉइलचा संशय बळावतो. काही कॉइल तापल्यावरच दगा देतात.

तिसरा : एसी लावल्यावर वाढते का? एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर भार टाकतो. तो सुरू होताना इंजिन क्षणभर दबून पुन्हा सावरणे ठीक आहे. पण एसी चालू असेपर्यंत डॅशबोर्ड आणि आरसा थरथरत राहिला तर थ्रॉटलमधील कार्बन किंवा इंजिनाचे फाउंडेशन तपासायला हवे.

चौथा : सीएनजीवर आणि पेट्रोलवर सारखीच आहे का? सीएनजी गाडीवाल्यांसाठी ही सर्वांत सोपी कसोटी. बटण दाबून पेट्रोलवर घ्यावी. पेट्रोलवर गाडी शांत झाली तर दोष बहुधा गॅसच्या बाजूला. दोन्हींवर तीच तक्रार असेल तर प्लग, कॉइल, फाउंडेशन ही दोन्ही इंधनांना सामाईक असणारी ठिकाणे पाहावीत.

ही उत्तरे एका कागदावर लिहून गॅरेजमध्ये न्यावीत. सोबत शेवटचे प्लग किती किलोमीटरवर बदलले, ऑइल कधी बदलले, हेही लिहावे.

पहिले कारण : मिसिंग

गॅरेजच्या भाषेत "गाडी मिसिंग मारते" म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाही. चार मुले मिळून वर्गातला बाक उचलून नेत असतील आणि मध्येच एकाने हात सोडला, तर बाक एका बाजूला कलतो आणि उरलेल्या तिघांची चाल बिघडते. इंजिनाचे हुबेहूब तेच होते. तीन सिलिंडरच्या गाडीत तर एक सिलिंडर बंद म्हणजे एकतृतीयांश ताकद गेली. मग गाडी लयीत हिसके देते, पिकअप पडतो, पेट्रोल जास्त लागते आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो.

मिसिंगची सर्वांत साधी कारणे म्हणजे प्लग आणि कॉइल. साधे प्लग लवकर झिजतात, इरिडियमचे बरेच जास्त टिकतात. आपल्या गाडीचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच खरा मानावा. मिस्त्रीने प्लग काढले की ते आपण स्वतः पाहावेत. टोकाला फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर जळण चांगले आहे. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी पडते आहे. तेलकट ओला प्लग निघाला तर इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये शिरते आहे आणि ही खबर गंभीर आहे. एकच प्लग वेगळा दिसला तर दुखणे त्याच सिलिंडरचे आहे.

कॉइल तपासण्याची एक बिनखर्चाची युक्ती आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. समजा स्कॅनरने पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग दाखवले. मिस्त्रीने पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. मिसिंग दुसऱ्या सिलिंडरवर सरकले तर कॉइल खराब. जागच्या जागी राहिले तर कॉइल निर्दोष, मग प्लग, इंजेक्टर यांच्याकडे वळावे. तिन्ही-चारी कॉइल एकदम बदलण्याची गरज नाही.

जुन्या गाड्यांत मिस्त्री चालू इंजिनावर प्लगची टोपी एकेक करून काढत आणि कोणती टोपी काढल्यावर फरक पडत नाही ते पाहत. आताच्या गाड्यांत हा प्रयोग करू देऊ नये. त्यातला दाब अंगावर येऊ शकतो आणि गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदूही बिघडू शकतो. त्यासाठी स्कॅनर आहे. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, आणि पी०३०० म्हणजे ठरावीक एका सिलिंडरमध्ये नव्हे, तर इकडे-तिकडे कुठेही. पी०३०० आला की एकेका कॉइलऐवजी हवा, इंधन यांसारख्या सगळ्यांना लागू होणाऱ्या कारणांचा शोध घ्यावा.

दुसरे कारण : फाउंडेशन

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवलेले नसते. मध्ये रबर आणि धातूचे तीन-चार जोड असतात. कंपनी त्यांना माउंटिंग म्हणते, आपले मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. इंजिनाचा हादरा पिऊन टाकणे हे त्यांचे काम. घरातल्या प्रेशर कुकरची रिंग जशी काही वर्षांनी कडक होते, तिला चिरा जातात आणि वाफ निसटू लागते, तसेच या रबराचे होते. उष्णता, ऑइलची गळती आणि खड्डे यांनी ते दमते. काही गाड्यांत फाउंडेशनच्या आत द्रवही भरलेला असतो. तो गळून गेला की रबर वरून धड दिसले तरी काम करत नाही.

याची ओळख सोपी आहे. इंजिनाचा आवाज एकसारखा आहे, पिकअप चांगला आहे, पेट्रोलही जास्त लागत नाही, फक्त हादरे तेवढे सीटपर्यंत, स्टिअरिंगपर्यंत पोहोचतात. गाडी सुरू करताना किंवा बंद करताना "धप्प" असा आवाज येतो. क्लच सोडताना इंजिन उडी मारल्यासारखे वाटते. रेस थोडी वाढवली की थरथर कमी होते. अशा वेळी मिस्त्रीला बॉनेट उघडून इंजिन किती उचलले जाते ते पाहायला सांगावे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाला एका गॅरेजने याच लक्षणांवरून "इंजिनकाम निघाले आहे" असे सांगितले होते. घरातल्या मुलीने दुसरीकडे दाखवण्याचा आग्रह धरला. तिथे एक फाटलेले फाउंडेशन निघाले. ते बदलल्यावर गाडी शांत झाली. इंजिनकामाचा खर्च कित्येक हजारांत जातो. त्यापुढे एका फाउंडेशनची किंमत काहीच नाही. मोठे काम सांगितले गेले की दुसरे मत घ्यावे, ते याचसाठी.

तिसरे कारण : हवा आणि इंधन

एअर फिल्टर धुळीने भरला की इंजिनाचा श्वास कोंडतो. तो काढून उजेडासमोर धरावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदलावा. हे काम घरीही होते.

हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटलच्या झडपेवर कार्बनचा थर साचतो. मग उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे वर-खाली होतात, सिग्नलला गाडी बंद पडते. योग्य स्प्रेने ती साफ करून घेतली की बहुतेक वेळा फरक पडतो. काही गाड्यांत सफाईनंतर स्कॅनरने झडपेची बैठक पुन्हा शिकवावी लागते, हे मिस्त्रीला विचारून घ्यावे.

एखादी रबरी नळी तडकली तर इंजिन मोजमापाबाहेरची हवा ओढते. बॉनेट उघडल्यावर बारीक "स्स्स" आवाज येतो. पावसाळ्यात उंदीर आणि घुशी बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायर कुरतडतात. कोकणात आणि खेड्यांत हे फार होते. चार दिवस उभी राहिलेली गाडी अचानक मिसिंग मारू लागली तर आधी वायरिंग पाहावे.

इंधनाचाही वाटा असतो. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून पाव टाकी पेट्रोल भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवणे बरे नाही. ज्यांचे धनी आखातात असतात आणि गाडी वर्षातले दहा महिने पडवीत उभी असते, अशा घरांनी दर आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून थोडी लांब फिरवून आणावी. पंप बदलल्यावर लगेच थरथर सुरू झाली असेल तर तेही ध्यानात घ्यावे.

सीएनजी गाडीचा मामला जरा वेगळा. गॅसचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा तगडी ठिणगी लागते. त्यामुळे पेट्रोलवर कसाबसा चालणारा झिजका प्लग सीएनजीवर उघडा पडतो. म्हणून सीएनजीवर मिसिंग आले की आधी प्लग, त्यांचे अंतर आणि एअर फिल्टर पाहावे. त्यानंतर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर आणि ट्युनिंग. हे काम किट बसवणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे.

इंजिनावर उगाच आळ

कित्येकदा दोष इंजिनाचा नसतोच. वॉशिंग मशीनमध्ये सगळे कपडे एका बाजूला गोळा झाले की मशीन नाचू लागते. चाकाचे वजन एका बाजूला जास्त झाले की तसेच होते. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते, वेग कमी केला की थांबते. उपाय : व्हील बॅलन्सिंग. ब्रेक दाबल्यावरच पेडल आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क पाहाव्यात. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडतानाच हिसके येत असतील तर क्लच प्लेट. वेग वाढवताना थरथर आणि एक्सिलरेटर सोडताच शांतता, तर पुढच्या चाकांना फिरवणारे अॅक्सल. महिनोन्महिने उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, ते पहिले काही किलोमीटर हादरे देतात आणि टायर गरम झाल्यावर बहुधा सावरतात. हवा तेवढी बरोबर भरावी.

खरे गंभीर दुखणे

प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळे ठीक असूनही एक सिलिंडर काम करत नसेल तर कॉम्प्रेशन तपासावे. प्लगच्या जागी मीटर लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. सगळे आकडे जवळपास सारखे हवेत. एकच आकडा बराच खाली असेल तर व्हॉल्व्ह, पिस्टनची रिंग किंवा हेड गॅस्केट यांत दोष असतो. त्यासोबत निळसर धूर असेल तर ऑइल जळते आहे. दाट पांढरा धूर आणि कूलंट कमी होत असेल तर गॅस्केट. टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात सरकली तरी इंजिन विचित्र थरथरते. अशा वेळी गाडी दामटू नये. कित्येक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.

थोडक्यात, कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर पाहिल्याशिवाय इंजिन उघडायला होकार देऊ नये.

गाडी तिथेच थांबवावी अशा खुणा

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर पेटला तर जपून चालवत गॅरेज गाठावे. तो लुकलुकत असेल तर मिसिंग तीव्र आहे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो वितळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, म्हणून त्याची किंमत ऐकून धसका बसतो. काहीशे रुपयांच्या प्लगसाठी टाळाटाळ केली की असा दंड भरावा लागतो. ऑइलचा लाल दिवा, तापमानाचा काटा वर जाणे, किंवा इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज, यांपैकी काहीही झाले तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन बंद करावी. घाट उतरताना "इंजिनाला आराम" म्हणून गाडी न्यूट्रलवर सोडणे तर मुळीच नको. त्याने इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो.

सेकंडहँड गाडी घेताना

विकणाऱ्याला आधीच कळवावे की गाडी थंडच ठेवा, आम्ही येऊन सुरू करू. आपण पोहोचेपर्यंत बॉनेट गरम असेल तर शंका घ्यावी. थंड गाडी सुरू करून पाच मिनिटे उभी ठेवावी, एसी लावावा, सीएनजी-पेट्रोल दोन्हींवर पाहावे. किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा पेटून सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो पेटतच नसेल तर कोणीतरी त्याचे तोंड बंद केलेले असू शकते. थरथर असेल तर सौदा तोडायलाच हवा असे नाही. स्कॅन आणि कॉम्प्रेशन तपासून मग भाव ठरवावा.

गॅरेजमधला व्यवहार

मिस्त्रीला "काय असेल ते बघून टाका" म्हणू नये. आपला कागद द्यावा, अंदाजे खर्च विचारावा, बदललेला जुना भाग परत मागावा. आधी स्वस्त आणि सोपे, मग महाग आणि अवघड, हा क्रम ठरवून घ्यावा : प्लग, फिल्टर, थ्रॉटलची सफाई, वायरिंग, कॉइल, फाउंडेशन, इंजेक्टर, आणि शेवटी इंजिन. त्याच वेळी, नीट निदान करायला लागलेल्या वेळेचे पैसे द्यायला कुरकूर करू नये. "नुसते बघायचे कसले पैसे?" असे आपण म्हणतो, आणि मग मिस्त्रीला भाग बदलूनच कमाई करावी लागते.

आपल्या समाजातली कितीतरी मुले गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली शिकून मिस्त्री झाली आहेत. त्यांच्या कानाला आणि हाताला तोड नाही. आवाज ऐकून कोणता सिलिंडर बंद आहे ते सांगणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. पण आता गाडीला स्कॅनर लागतो, कोड वाचावे लागतात, सर्किटचा नकाशा समजावा लागतो. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शाळा सोडून गॅरेजकडे वळणाऱ्या मुलाला दहावी पूर्ण करायला लावून आयटीआयत घातले, तर उस्तादांच्या हुनरला कागदाचे आणि स्कॅनरचे बळ मिळेल. मुलींनीही या कामाकडे वळायला काहीच हरकत नाही.

शेवटी काही खबरदारी. बॉनेटखाली पाहताना ओढणी, सैल बाह्या, माळ सांभाळावी. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत अचानक फिरतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, त्याचा धूर प्राणघातक असतो. आणि घरातल्या किमान दोघांना, त्यात एका बाईला, डॅशबोर्डवरचे दिवे वाचता आलेच पाहिजेत. या सुट्टीच्या दिवशी गाडीची पुस्तिका बाहेर काढा, प्लग आणि ऑइल बदलण्याचे आकडे वहीत उतरवून घ्या आणि थंड इंजिन सुरू करून पाच मिनिटे कान देऊन ऐका. आपल्या गाडीची नेहमीची थरथर ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तिची बदललेली थरथर वेळेवर कळते.